उडी शनिवारी, सराव रोजचा

पहाटे 4.45
झोपाळ्याचा पाट काढून कड्यांना जुना हार्नेस अडकवते आणि त्यात लटकते. डोळे मिटून मोठ्याने म्हणते, "वर बघ. कमान. उजवी मूठ. डावी मूठ. उजवी ओढ. डावी ओढ." उजव्या मुठीने बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटतं, डावीने राखीव उघडतं. क्रम उलटा झाला तर राखीव मुख्यात गुंतू शकतं. म्हणून तो हातांत भिनायला हवा.

सकाळी 6.15
कंपनीची बस पैठण रस्त्याला लागते आणि बिघाड झालेली ती मागची उडी आठवतेच. पॅराशूट उघडलं, पण दोऱ्यांना पीळ पडला आणि ते गरगर फिरू लागलं. पाय झाडूनही पीळ सुटेना. शिकाऊ माणसाने 2500 फुटांपर्यंत निर्णय घ्यायचाच असतो. मुठी ओढल्या, राखीव उघडलं, सुखरूप उतरले. भीतीने गाठलं ते त्यानंतर. कित्येक दिवस वर विमानाचा आवाज आला तरी पोटात गोळा यायचा.

सकाळी 7.00
चितेगावच्या आमच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. मशीन बिघडलं की आधी कारण शोधतात, मग दुरुस्ती, मग एकच नग काढून मोजतात. तो फर्स्ट पीस पास झाला तरच उत्पादन सुरू होतं. माझंही तसंच चाललंय. कारण सापडलंय: घर्षणाच्या उष्णतेने काही दोऱ्या आखडल्या होत्या आणि पॅराशूट एका बाजूला ओढलं जात होतं. रिगरने, म्हणजे पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाने, दोऱ्यांचा नवा संच बसवलाय. नेमकं काय बिघडलं ते कळलं, त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुपारी 12.00
डबा उघडताना मैत्रिणी शीतल महाजन यांचा विषय काढतात. पुण्याच्या या बाईंनी 18 एप्रिल 2004 रोजी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली आणि 2018 मध्ये नऊवारी नेसून थायलंडच्या आकाशातून झेप घेतली. "त्यांना भीतीच नसेल," एक जण म्हणते. मला त्या नऊवारीमागची तयारी दिसते. वाऱ्यात सुटलेला एक काठ मुठीवर आला तरी जिवावर बेतू शकतं.

दुपारी 4.00
बैठकीच्या खोलीत पॅराशूट पसरते. प्रत्येक दोरी बोटांतून वरपर्यंत नेते, कापडाच्या घड्या सारख्या करते, स्लायडर वर कापडापर्यंत सरकवते. पॅराशूट फाडकन न उघडता हळूहळू उघडावं, हे त्याचं काम. पूर्वी हे काम मी गप्पा मारत करायची. आता फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. राखीवला हात लावत नाही, ते बांधायचा अधिकार रिगरचाच.

संध्याकाळी 7.30
प्रशिक्षक सरांचा फोन. शनिवारी 10,000 फुटांवरून एकटीनेच उडी, कसरती नाहीत, 5,500 फुटांवरच पॅराशूट उघडायचं. त्यामुळे बिघाड झालाच तर विचार करायला वेळ मिळेल. उघडल्यावर आधी आकार बघायचा, मग वळवून आणि ब्रेक ओढून खात्री करायची. सगळं चुकलं तर सुमारे 750 फुटांवर एक यंत्र आपोआप राखीव उघडतं. "पण ते आहे म्हणून तू निवांत राहायचं नाहीस," सर बजावतात.

रात्री 9.30
शनिवारच्या उडीला जायचं सचखंड एक्स्प्रेसचं तिकीट पिशवीत ठेवते. आई विचारते, "भीती गेली का गं?"
"नाही गेली, आई. पण आता ती मला हलू देत नाही, असं होत नाही."
"आणि तिथं गेल्यावर वाटलं तर?"
"तर उडी मारणार नाही. वारा वाढला, सर थांब म्हणाले किंवा मलाच बरं वाटलं नाही, तर त्याच विमानातून खाली येईन आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन."
आई मान डोलावते. मी पहाटेचा गजर लावते.