‘आर’ शिकावी, पण कशावरून?

माझी भाची येथेच इंदुरात संख्याशास्त्राच्या पदवीवर्गात आहे. गेल्या वर्षी तिच्या वडिलांनी एका शिकवणीवर्गात बरीच मोठी रक्कम भरली. उद्देश हा की, मुलीला ‘आर’ ही संगणकभाषा यावी. चार महिन्यांनी तिने वही दाखविली. आज्ञा सुवाच्य अक्षरात उतरविलेल्या होत्या. परंतु त्यांतील एकही बदलून पाहण्याचा धीर तिला नव्हता. “मामा, मी हा विषयच सोडते,” ती म्हणाली.

ही भाषा ऑक्लंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविली, तिची १.० आवृत्ती २००० साली निघाली. ती विनामूल्य मिळते आणि तिची मार्गदर्शिकाही सोबतच येते. फी पडते ती केवळ शिकविणाऱ्याची, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते! मार्गदर्शिका मात्र नवख्याला रुक्ष वाटेल.

मग पुस्तक पारखावे कसे? ‘आर’मध्येच न्यूयॉर्कच्या हवेच्या १९७३ मधील १५३ दिवसांच्या नोंदी आहेत. त्यांत ओझोनचे ३७ आकडे नाहीत. सरासरी मागितली, तर ही भाषा आकडा न देता ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, एवढेच उत्तर देते. गाळलेल्या जागा वगळण्याची आज्ञा नुसती पाठ करविणारे पुस्तक मी बाजूला ठेवीन; त्या जागा रिकाम्या का राहिल्या असतील, असे विचारणारे घरी आणीन. परीक्षेस गैरहजर असलेल्या मुलास शून्य गुण देऊन वर्गाची सरासरी काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत, म्हणून हा आग्रह.

विकम व ग्रोलमंड यांचे २०१७ चे ‘आर फॉर डेटा सायन्स’ या कसोटीस उतरते. २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि ते संगणकावर फुकट वाचता येते. मात्र ते संख्याशास्त्र शिकवीत नाही. त्यासाठी पदवीचे पाठ्यपुस्तक शेजारी उघडे हवेच. ‘स्वर्ल’ नावाची पाठमाला ‘आर’च्या आतच प्रश्न विचारते व चूक तेथल्या तेथे दाखविते. लाजऱ्या मुलांना ती विशेष मानवते, असा माझा अनुभव आहे.

भाचीने पुन्हा आरंभ केला, तो माझ्या शाळेच्या सहामाही गुणांवर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने हाक मारली, “मामा, या तीन मुलांना शून्य मिळाले आहे, की ती आलीच नव्हती?”

मला हजेरीपट काढावा लागला.