विश्लेषण : दोनशे लिटर ऑइल, काट्यावर मात्र १७८ किलो, बाकीचे गेले कुठे?

कान्हे फाट्यावरून आत वळून रेल्वे आणि मग इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक येते. आंदर मावळातल्या गावांचा हा नाका. रस्त्याच्या कडेला भातखाचरे, त्यांच्याच शेजारी कारखान्यांच्या शेड आणि अधूनमधून गॅरेज. दुचाकी, टेम्पो, ट्रॅक्टर, पॉवर टिलर, कारखान्यातली मशीन या सगळ्यांना ऑइल लागते. नवे ऑइल येते ते लिटरमध्ये. वापरून झालेले काळे ऑइल जाते ते बऱ्याचदा किलोवर. या दोन मापांच्या मधल्या जागेत पैसे सांडतात.

समजा, एका गॅरेजवाल्याने काळे ऑइल साठवत बॅरलमध्ये दोनशे लिटर केले. घेणारा आला, बॅरल काट्यावर चढवले, रिकाम्या बॅरलचे वजन वजा केले आणि १७८ किलो भरले. ‘एक लिटर म्हणजे एक किलो’ असे धरून त्याने १७८ लिटरचे पैसे मोजले. लिटरला ३० रुपये दर ठरला असेल, तर गॅरेजवाल्याचे ६६० रुपये गेले. काटा खोटा नव्हता, बॅरलही गळके नव्हते. खोटा होता तो हिशेब.

लिटर आणि किलो एकच का नाहीत?

लिटर सांगतो जागा किती व्यापली, किलो सांगतो वस्तुमान किती. दोन्हींना जोडणारा आकडा म्हणजे घनता. पाण्याची घनता लिटरमागे जवळपास एक किलो असते, त्यामुळे पाण्यापुरते ‘लिटर म्हणजे किलो’ खरे आहे. दुधालाही हे ढोबळमानाने चालून जाते. दूध लिटरमागे साधारण १.०३ किलो भरते आणि संकलन केंद्रावर दुधाची डिग्री बघतात ती याच घनतेवरून. मावळातल्या घराघरांत दूध आणि पाण्याचीच सवय असल्याने तोच हिशेब ऑइललाही लावला जातो.

इंजिन ऑइल मात्र पाण्यापेक्षा हलके आहे. वाहनांना नेहमी लागणारे बहुतेक इंजिन ऑइल लिटरमागे ०.८५ ते ०.९० किलोच्या दरम्यान भरते. दुचाकी आणि डिझेल गाड्यांचे नेहमीचे खनिज ऑइल ०.८८ च्या आसपास, सिंथेटिक प्रकार थोडे हलके, गिअर ऑइल ०.९० च्या जवळ. म्हणजे फरक दहा ते पंधरा टक्क्यांचा. पावसाळ्यात गॅरेजसमोरच्या डबक्यावर दिसणारा इंद्रधनुषी तवंग याच आकड्यामुळे वर तरंगतो.

हिशेब कसा करायचा?

किलो काढायचे असतील तर लिटरला घनतेने गुणायचे. लिटर काढायचे असतील तर किलोला घनतेने भागायचे. बाजारात २१० लिटरचे बॅरल येते. ०.८८ घनता धरली तर आतले ऑइल १८४.८ किलो भरेल. पत्र्याच्या बॅरलचे वजन वेगळे, साधारण १५ ते २० किलो. नवे बॅरल उतरवून घेताना ‘२१० आणि १८५ मध्ये २५ कमी’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. उलट पन्नास किलो ऑइल मागवले तर ५६.८ लिटर येते. पन्नास लिटरचे भांडे घेऊन गेलेल्याची पंचाईत ठरलेली.

गुणाकार-भागाकाराचा कंटाळा असेल, तर तोंडी हिशेबही जमतो. लिटरचे किलो करताना आठवा भाग वजा करायचा : २०० लिटरमधून २५ गेले, १७५ किलो. किलोचे लिटर करताना मात्र सातवा भाग मिळवायचा, आठवा नव्हे. १७५ चा सातवा भाग २५, पुन्हा २०० लिटर. नेमकी इथेच गफलत होते. जाताना बारा टक्के वजा केले म्हणून येतानाही बाराच टक्के मिळवले, तर बॅरलमागे तीन-चार लिटर हिशेबातून गायब होतात. ही ढोबळ रीत ०.८७५ घनता धरते. रोजच्या सौद्याला पुरते, पण शंभर बॅरलच्या खरेदीला नाही.

दरांची तुलना करताना तर डोळे सहज फसतात. एक विक्रेता १८० रुपये लिटर सांगतो, दुसरा २०० रुपये किलो. पहिला स्वस्त वाटतो. पण १८० ला ०.८८ ने भागले की त्याचाच दर किलोमागे साडेचारशे पैशांनी, म्हणजे साडेचार रुपयांनी महाग पडतो : २०४ रुपये ५० पैसे. प्रत एकच असेल, तर दुसऱ्याकडून घेणे फायद्याचे.

‘वीस डब्ल्यू’ मधला डब्ल्यू म्हणजे वजन का?

नाही. डब्यावरच्या ‘२०डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकतो ते. या आकड्यांवरून घनता काढता येत नाही. दाट म्हणजे जड, ही समजूत तर हातात डबा असतानाच खोटी ठरते. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा कितीतरी दाट, तरी पाण्यावर तरंगते.

खरा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो. तिथे घनतेसमोर तापमानही लिहिलेले असते, बहुधा १५ अंश सेल्सिअस. भारतातल्या काही माहितीपत्रकांत ते २९.५ अंश असते. आकडा ८८५ असा दिसला, तर गोंधळायचे कारण नाही. तो घनमीटरमागे किलोंचा आहे, हजाराने भागले की ०.८८५. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर फलकावर लिहिलेली ‘डेन्सिटी’ हीच, १५ अंशांना आणलेली.

माहितीपत्रक नसेल, तर दुकानातला काटा पुरतो. रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा, शिक्क्याच्या मापाने पाच लिटर ऑइल ओतायचे, वजनाला पाचाने भागायचे. ४ किलो ४०० ग्रॅम भरले तर घनता ०.८८. एक लिटरऐवजी पाच लिटर घेतले की मापातली आणि काट्यातली चूक पाचात वाटली जाते. ऑइल दाट असल्याने मापाच्या आतल्या बाजूला चिकटून राहते, म्हणून माप थोडा वेळ उपडे धरून निथळू द्यावे लागते. घाईत केलेल्या मोजणीत चूक बहुतेकदा इथेच असते.

उन्हात बॅरल वाढते आणि पावसात पाणी पिते

तापमानाचा मुद्दा पुस्तकी वाटतो, पण मावळात तो पत्र्याच्या शेडखाली रोज घडतो. एक अंश तापमान वाढले की ऑइलचे आकारमान साधारण ०.०७ टक्के वाढते. थंडीच्या पहाटे १५ अंशांना असलेले २१० लिटर ऑइल उन्हाळ्याच्या दुपारी ४० अंशांना पावणेचार लिटरने फुगते. वजन तेच, लिटर जास्त. त्यामुळेच बॅरल काठोकाठ भरत नाहीत. आणि म्हणूनच वजनावर केलेला सौदा ऋतू बदलला तरी बदलत नाही. लिटरवर केलेल्या सौद्यात मात्र दुपारी मोजून घेणारा थोडा तोट्यात असतो. मोठी खरेदी असेल तर किलोवर करणे आणि लिटर फक्त समजुतीसाठी लिहिणे, हे जास्त सरळ.

या फुगण्या-आकसण्याचा एक वाईट परिणाम मावळातल्या पावसात दिसतो. बॅरल उघड्यावर उभे ठेवले की वरच्या पत्र्यावर काठापर्यंत पाणी साचते. दिवसा ऑइल आणि वरची हवा तापून फुगते, बुचाच्या फटीतून हवा बाहेर जाते. रात्री गार झाले की बॅरल तीच हवा परत ओढते, आणि बुचावर पाणी साचलेले असेल तर हवेऐवजी पाणी आत जाते. सील न फोडलेल्या बॅरलमध्येही असे पाणी शिरू शकते. ते जड असल्याने तळाशी बसते आणि वरून डोकावले तर कळतही नाही. उपाय साधा आहे. बॅरल शेडखाली ठेवावे. ते शक्य नसेल, तर आडवे ठेवावे, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे. मग बुचे आतून ऑइलने झाकलेली राहतात आणि वर पाणी साचत नाही.

गाडीच्या इंजिनातही हेच होते. आठ लिटर ऑइल घेणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये २५ अंशांचे ऑइल ९० अंशांवर गेले की सुमारे ३६० मिलिलिटरने वाढते. गेजची पट्टी इंजिन गार असताना बघायची की गरम, हे पुस्तिकेत लिहिलेले असते ते उगीच नाही.

काळ्या ऑइलला नव्याचा आकडा चालेल का?

अंदाजाला चालेल, पैशाला नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, धातूचा कीस, कधी डिझेल, कधी पाणी मिसळलेले असते. काजळीने घनता वाढते, डिझेलने घटते. पाण्याचा मामला तर फसवा आहे. ०.८९ घनतेच्या ऑइलमध्ये दहा टक्के पाणी गेले, तर मिश्रण ०.९०च्या आसपास भरते. फरक इतका कमी, की साध्या काट्यावर तो कळणे कठीण. पण वजनावर घेणारा दहा टक्क्यांहून जास्त पैसे पाण्याचे मोजतो. म्हणून जाणकार घेणारा आधी तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकून बघतो. तडतडले तर पाणी आहे.

गॅरेजवाल्याचे पैसे वाचवण्याची रीत सोपी आहे : दर ठरवतानाच माप ठरवायचे. किलोचा दर असेल तर काटा, लिटरचा असेल तर माप. दर एकाचा आणि मोजणी दुसऱ्याची, हे चालू द्यायचे नाही.

काळे ऑइल खेडोपाडी सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडतात. उरलेले ओढ्यात जाते आणि पाण्यापेक्षा हलके असल्याने भाताच्या खाचरापर्यंत वाहत पोहोचते. कायद्याच्या भाषेत हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, माल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो आणि वर्षाचे विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या ऑइलची जबाबदारी टाकण्यात आली आहे.

लहान कारखान्यांची अडचण या कागदांवर होते. वर्षभरात निघालेले ३००० लिटर ऑइल नोंदवहीतून उचलून थेट ‘३ टन’ लिहिले जाते. वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज मात्र २.६४ टन येते. ३६० किलो ऑइल कुठे गेले, असे विचारले गेले तर उत्तर देणे अवघड, कारण ते कुठेच गेलेले नसते. मशीनच्या कूलंटला हा आकडा लावला तर उलटी चूक होते. सोल्युबल ऑइल पाण्यात मिसळून वापरतात, बहुतांश पाणीच असल्याने ते मिश्रण लिटरमागे जवळपास किलोभर भरते. दोन्ही एकाच टाकीत ओतले, तर कोणताच आकडा लागू पडत नाही.

याच चुकीने विमान हवेत बंद पडले होते

लिटर आणि किलोचा घोळ गॅरेजपुरता नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते. टाकीत किती लिटर आहे हे मोजले गेले, पण लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणले. हा आकडा किलोचा नव्हे, पौंडांचा होता. कंपनी तेव्हा नुकतीच मेट्रिक मापांकडे वळत होती. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवले. ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, सगळे वाचले.

डब्यावर काय बघायचे?

इंजिन ऑइलच्या डब्यावर परिमाण लिटर किंवा मिलिलिटरमध्ये छापलेले असते, ग्रीसच्या डब्यावर किलो किंवा ग्रॅममध्ये. दुचाकीच्या ९०० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ७९० ग्रॅम ऑइल असते. काट्यावर ठेवून ‘शंभर ग्रॅम कमी’ अशी तक्रार टिकणार नाही.

खाद्यतेलाच्या बाबतीत हा प्रश्न केंद्र सरकारपर्यंत गेला होता. काही कंपन्या पिशवीवर ‘६० अंशांना एक लिटर’ असे छापत. गरम तेल फुगलेले असल्याने त्या लिटरात तेल कमी बसते. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमान न लिहिता परिमाण आणि सोबत वजनही छापायला सांगितले, त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या पिशवीवर लिटरशेजारी ग्रॅम दिसू लागले. इंजिन ऑइलच्या डब्यावरही वजन छापले, तर वरचे निम्मे वाद उरणार नाहीत.

तोवर डब्यात खरोखर कमी माल असल्याची शंका आली, तर सील न फोडलेला डबा, बिल आणि त्याच प्रकारचा रिकामा डबा जपून ठेवावा. दोन्हींच्या वजनातला फरक घनतेने भागला की आतले लिटर निघतात. काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा चालू शिक्का असला पाहिजे. तक्रार त्याच विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.