भंगाराच्या भावाची बोट

पन्नास-साठच्या दशकात विलायतेला शिकायला निघालेल्या मराठी मुलाच्या निरोपाचं चित्र ठरलेलं असे. बॅलार्ड पिअरचा धक्का, गळ्यात हार, ट्रंकेवर रंगाने लिहिलेलं नाव, डब्यात लाडू-चिवडा, डोळ्याला पदर लावलेली आई आणि मागे उभी असलेली पांढरी इटालियन बोट. विमानाचं तिकीट परवडत नसे, म्हणून 'लॉइड ट्रिएस्टिनो' कंपनीच्या बोटी अशा मुलांच्या नशिबी येत. 'आशिया' आणि 'व्हिक्टोरिया' या तिच्या दोन जुळ्या बोटी १९५३ साली सेवेत आल्या. इटलीहून सुएझमार्गे कराची, मुंबई, कोलंबो आणि पुढे हाँगकाँग अशी त्यांची वारी चाले. कुणाच्या आजोबांच्या अल्बममध्ये डेकवर टाय लावून उभं असलेलं कुणी दिसलं, तर ती बोट या दोघींपैकी एक असण्याचा संभव बराच.

त्यातल्या 'व्हिक्टोरिया'चं पुढे काय झालं हे सांगण्यासारखं आहे. १९६७ साली सुएझ कालवा बंद पडला, जेट विमानांनी प्रवासी पळवले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती नुसती नांगरून पडली. १९७८ साली तिचा सौदा झाला १० लाख डॉलरला. हा भाव बोटीचा नव्हताच, भंगाराचा होता. घेणाऱ्यांना बोटी चालवण्याचा काडीचा अनुभव नव्हता. 'यूथ विथ अ मिशन' या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतले डॉन आणि डेयॉन स्टीफन्स हे अमेरिकन जोडपं त्यात पुढे होतं आणि त्यांना या बोटीवर इस्पितळ थाटायचं होतं. कर्ज एका स्विस बँकेने दिलं. त्या बँकेतल्या अधिकाऱ्याने कागद कोणत्या चेहऱ्याने पुढे सरकवला असेल, याचं मला कुतूहल आहे.

कल्पनेचं मूळ डॉन स्टीफन्स सांगतात ते असं. १९६४ साली ते बहामात तरुण स्वयंसेवक म्हणून गेले असताना 'क्लिओ' नावाचं चक्रीवादळ आलं. वादळात अडकलेल्यांपैकी एका मुलीने बोलता बोलता म्हटलं की, अशा वेळी डॉक्टर आणि औषधं घेऊन येणारी बोट असती तर किती बरं झालं असतं. त्या काळात 'होप' नावाचं अमेरिकन रुग्णालय-जहाज देशोदेशी फिरत होतं, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पुढे स्टीफन्स यांना मुलगा झाला तो गंभीर अपंगत्व घेऊन. त्याच सुमारास कोलकात्यात मदर तेरेसांशी झालेल्या भेटीने आपला निश्चय पक्का झाला, असंही ते सांगत आले आहेत.

बोट ग्रीसच्या किनाऱ्याला नेली आणि तिथे चार वर्षं तिची डागडुजी चालली. ती करणारे बहुतेक जण फुकट राबणारे. गंज खरवडायचा, पाइप बदलायचे, पैसे संपले की थांबायचं, आले की पुन्हा सुरू करायचं. १९८२ साली बोट निघाली तेव्हा तिचं नाव 'ॲनास्टॅसिस' झालं होतं. ग्रीक भाषेत याचा अर्थ पुनरुत्थान. संस्थेचं नाव 'मर्सी शिप्स'. तीन शस्त्रक्रियागृहं, ४० खाटांचा वॉर्ड, दातांचा दवाखाना, एक्स-रे आणि प्रयोगशाळा एवढा संसार एका जुन्या प्रवासी बोटीच्या पोटात मावला होता. आधी पॅसिफिक आणि कॅरिबियनचे किनारे झाले. १९९० नंतर बोट बहुतेक काळ पश्चिम आफ्रिकेतच राहिली.

बोटच का? गाठीला पैसा असता तर जमिनीवर इस्पितळ बांधता आलंच असतं. यातली गोम वीज आणि पाण्यात आहे. शस्त्रक्रिया म्हटली की डॉक्टरच्या हाताइतकीच अखंड वीज लागते, निर्जंतुक पाणी लागतं, ऑक्सिजन, रक्त, भूल देणारी यंत्रं आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. नुकत्याच यादवीतून उठलेल्या देशात यातली एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. बोट मात्र आपला जनरेटर, आपलं पाणी, आपलं कोठार सोबत घेऊन येते आणि बंदरात आठ-दहा महिने मुक्काम ठोकते. रक्ताची सोय तर आणखी साधी: बोटीवरची माणसं हीच रक्तपेढी. कुणाला गरज पडली की त्या गटाचा स्वयंपाकी किंवा वीजतंत्री येऊन बाही वर करतो.

आजार म्हणावे तर साधेच, फक्त वेळेवर कुणी हात न लावल्यामुळे राक्षसी झालेले. आपल्याकडे दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आईला 'ग्रहणात काही चिरलंस का?' असं विचारणारी माणसं अजून भेटतात. तिकडे प्रश्न याहून कडवट असतो. मूल शापित, आई चेटकीण. अशा बाळाला अनेकदा अंगावर नीट ओढता येत नाही, ते वाळत जातं. म्हणून बोटीवर येताच लगेच शस्त्रक्रिया होत नाही. आधी आठवडेच्या आठवडे वाटी-चमच्याने दूध भरवायचं, वजन वाढवायचं, मग भूल द्यायची. जबड्यातली एक गाठ असते, कर्करोगाची नव्हे, पण वाढत वाढत चेहऱ्याएवढी होते आणि शेवटी घास आणि श्वास दोन्ही अडवते. चुलीवरचं उकळतं तेल अंगावर सांडलेल्या मुलाचा हात कोपरात कायमचा मिटतो, कुणाची हनुवटी छातीला चिकटते. 'नोमा' हा तर भुकेचाच रोग: कुपोषित लहानग्याच्या हिरडीतून सुरू होतो आणि काही दिवसांत गाल खाऊन टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याला घेतलं ते २०२३ च्या डिसेंबरात. बोटीवरच्या सर्जनांनी त्याच्याशी त्याआधी कित्येक वर्षं झुंज दिली होती.

त्या सर्जनांमध्ये गॅरी पार्कर हे नाव मोठं. कॅलिफोर्नियाचे हे मुखशल्यविशारद ऐंशीच्या दशकात तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि तीन दशकांहून अधिक काळ बोटीवरच राहिले. लग्न बोटीवरच्या सहकारिणीशी, मुलं वाढली ती बोटीवरच. मिशनरी म्हटल्यावर झगा घातलेला एकटा पाद्री डोळ्यांपुढे येतो, इथे मात्र माणसं बिऱ्हाडासकट येतात. त्यामुळे बोटीवर शाळा आहे, आणि खिडकीबाहेरचा देश दरवर्षी बदलतो. या मुलांना 'गाव कोणतं?' असं विचारलं तर काय सांगत असतील?

स्वयंसेवकांना पगार नाही. उलट वर्षानुवर्षं नियम असा होता की, स्वयंसेवकानेच राहण्या-जेवण्याचे पैसे दर महिन्याला भरायचे. त्यासाठी तो आपल्या चर्चमधून, मित्रांकडून, कधी खिशातून पैसे जमवत असे. सर्जन दोन आठवड्यांसाठी आला तरी विमानाचं भाडं त्याचंच. जहाजाचे कप्तानही याच नियमात बसत. पदरमोड करून नोकरी करणारी ही जमात आपल्या वारीतल्या टाळकऱ्याला चटकन कळेल, कॉर्पोरेट व्यवस्थापकाला नाही. पहारा देण्यासाठी मात्र नेपाळचे माजी गुरखा सैनिक आहेत, हा तपशील वाचताना उगीचच घरच्यासारखं वाटतं.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे एक प्रश्न जिभेच्या टोकावर असतोच, तेव्हा तो विचारून टाकू. बोटीवर प्रार्थना होते, बायबलवाचन होतं, आणि हे सगळं कशासाठी चाललंय याविषयी कुणी लपवाछपवी करत नाही. उपचार मात्र सर्वांना फुकट आहेत आणि धर्म कोणता यावर खाट मिळत नाही. सेनेगल आणि गिनी यांसारख्या मुस्लिमबहुल देशांची सरकारं या बोटीला आमंत्रण देतात, बंदरात जागा करून देतात. कृतज्ञतेचं ओझं कुणाच्या श्रद्धेवर कधीच पडत नसेल, असं मी म्हणणार नाही. पण उघडी पाटी लावून येणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मला जास्त छळतो तो दुसराच प्रश्न. बोट निघून जाते. टाके उसवले, पू झाला, तर कुणाकडे जायचं? वाकड्या पावलांच्या बाळाला दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून पाऊल हळूहळू वळवतात. पोन्सेटी पद्धत म्हणतात तिला. मग टाचेची शीर किंचित सोडवायची आणि पुढे काही वर्षं रात्री पट्टीला जोडलेले बूट घालायचे. ती वर्षं बोट कशी मोजणार? इथे मिरजेची आठवण येते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, काही वर्षांत इथल्या मुलांना डॉक्टरी शिकवायला लागले आणि जवळजवळ ४० वर्षं तिथेच राहिले. गावाने त्यांना मिशनरी म्हणून पाहिलं, मग मिरजेचा डॉक्टर म्हणून. बोटीला असं गाव मिळत नाही.

संस्थेलाही हे उमगत गेलं आहे. अलीकडच्या वर्षांत स्थानिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका घडवण्यावर भर वाढला. गिनीतल्या कोनाक्रीत गमाल अब्देल नासर विद्यापीठाबरोबर दंतवैद्यक शिक्षणाचं काम चालतं आणि प्लास्टरची पद्धत स्थानिक हातांना शिकवली जाते. हे फोटोत दिसत नाही, त्यामुळे देणगीदारांना सांगायला अवघड. ओठ शिवण्याआधीचा आणि नंतरचा चेहरा शेजारी शेजारी ठेवणं सोपं.

रुग्णनिवडीचा दिवस हा या सगळ्या कामातला सर्वांत कठीण दिवस. बातमी खेड्यापाड्यांत पोहोचते आणि माणसं आदल्या रात्रीपासून रांग लावतात. मार्च २०११ मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये अशाच निवडीच्या वेळी गर्दी फाटकावर लोटली, एकाचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. पुढे एकाच जागी मोठा जमाव बोलावण्याऐवजी आत-आत जाऊन थोडे थोडे रुग्ण पाहण्याकडे कल वळला. पण गर्दी आवरली तरी 'नाही' म्हणणं चुकत नाही. बोट सगळं करू शकत नाही. गाठ पसरलेली असेल, हृदयाचा विकार असेल, तर रांगेत उभ्या माणसाला परत पाठवावं लागतं. वाचणार नाहीत अशांच्या घरी परिचारिका जातात. मलमपट्टी करतात, वेदना कमी करतात आणि घरच्यांना ते कसं करायचं ते शिकवतात.

ज्यांना 'हो' मिळतं, त्यांचा वॉर्ड आपल्या सरकारी इस्पितळाची आठवण करून देणारा. खाटेवर मूल आणि खाटेखालच्या गादीवर आई. तिथे ती झोपते आणि तिथूनच शेजारच्या खाटेखालच्या आईशी गप्पा मारते. खिडकीशिवायच्या वॉर्डातून दिवसाकाठी थोडा वेळ सगळ्यांना वरच्या डेकवर उन्हात नेतात. चेहऱ्याला बँडेज गुंडाळलेली मुलं तीनचाकीवरून हुंदडतात. गावात तोंड झाकून बसणाऱ्या मुलाला आपल्यासारखीच दहा मुलं पहिल्यांदा दिसतात ती इथे. प्रसूतीत दिवसेंदिवस अडकून पडल्यामुळे लघवीवर ताबा न राहिलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचीही शस्त्रक्रिया इथे होते. त्या बऱ्या होऊन निघताना त्यांना नवी वस्त्रं देतात आणि सगळा वॉर्ड नाचतो. आपली ओटी भरण्याची रीत आठवते.

'ॲनास्टॅसिस'नंतरची 'आफ्रिका मर्सी' मूळची डॅनिश, १९८० साली बांधलेली. 'ड्रॉनिंग इंग्रिड' या नावाने ती ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीतून आख्ख्या आगगाड्या पोटात घालून नेत असे. १९९७ साली तिथे रेल्वेचा कायमचा मार्ग झाला आणि तिचं काम गेलं. जिथे डबे उभे राहत त्या मजल्यावर वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृहं झाली. आपल्याकडे १९९१ साली मुंबईच्या 'इम्पॅक्ट इंडिया'ने 'लाइफलाइन एक्सप्रेस' सुरू केली, ती रेल्वेच्या डब्यांत. तिथे रेल्वेच्या जागी इस्पितळ, इथे रेल्वेतच इस्पितळ. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा 'आफ्रिका मर्सी'ने वाट बदलून मादागास्कर गाठलं. श्वासाने नव्हे, स्पर्शाने पसरणाऱ्या रोगापुढे खाटेखाली आया झोपणारं इस्पितळ उघडं ठेवणं शक्यच नव्हतं.

त्यानंतरची 'ग्लोबल मर्सी' चीनच्या टियांजिनमध्ये बांधली. २०२१ साली हाती आली. रुग्णालय म्हणूनच जन्मलेली संस्थेची ही पहिली. १७४ मीटर लांब, सहा शस्त्रक्रियागृहं, जवळजवळ २०० खाटा आणि शिकाऊ डॉक्टरांसाठी सरावाची खोली. २०२२ साली ती सेनेगलला दाकारमध्ये लागली, पुढच्या वर्षी फ्रीटाउनला. ती कधीच कुणाची प्रवासी बोट नव्हती, तिला जुनं नाव पुसावं लागलं नाही.

'ॲनास्टॅसिस' थांबली २००७ साली, लायबेरियात, मनरोव्हियाच्या बंदरात. 'आफ्रिका मर्सी' तिथे आली आणि माणसं नव्या बोटीवर बिऱ्हाड हलवून गेली. रिकामी जुनी बोट निघाली ती भारताकडे, गुजरातच्या अलंगला. १९७८ साली भंगाराच्या भावाने विकत घेतलेली ती अखेर भंगारात गेली, मधली २९ वर्षं वापरून. डॉक्टर, खाटा, मुलं सगळी पुढे गेली होती. खंबायतच्या आखातात भरतीच्या पाण्यावर येऊन चिखलात रुतली ती पुन्हा 'व्हिक्टोरिया'च. अलंगच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बोटींतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत. खुर्च्या, आरसे, चिनी मातीच्या बश्या, डेकवरचे बाक. त्यातल्या एखाद्या बाकावर १९५५ साली कुणी पुण्याचा मुलगा घरचे लाडू खात बसला असेल.