पेण, पेन आणि रॅप

'रॅप म्हणजे नुसती बडबड!' हे वाक्य आमच्या हॉस्टेलवर रोज कानी पडतं. मित्रांनो, जरा थांबा. मी कासूचा, तेव्हा उदाहरण गावाकडचंच देतो. या दोन ओळी मीच जुळवल्यात :

पेन मागे राहिलं, गाडी कासूला थांबली,
बोटांवरची माती माझ्या वहीत सांडली.

पेन म्हणजे लेखणी. पण रोह्याकडे जाताना कासूच्या आधीचं स्टेशन पेण. आमच्या आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो, म्हणून हा श्लेष जमतो. आता माती कसली? पेण गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध, ही तीच माती. लेखणी राहिली, तरी बोटांना लागलेलं गाव वहीत उतरलं, असा अर्थ.

म्हणजे अर्धी ओळ कागदावर आणि अर्धी ऐकणाऱ्याच्या माहितीत. २०१९ साली मुंबईच्या 'स्वदेशी' ग्रुपने प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. आरेतले आदिवासी पाडे आणि मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीचा वाद ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यातला ठेका कळेल, राग कळणार नाही.

मेसमध्ये कुणी 'पानी दे' म्हटलं की टेबलभर हशा पिकतो. पण वरची ओळ 'शुद्ध' उच्चारात म्हणून बघा, श्लेष गायब! तेव्हा रॅप लिहिणाऱ्यांनो, पुस्तकी मराठी बाजूला ठेवा आणि घरी बोलता तसं लिहा. हसणाऱ्यांना अर्थ समजावून सांगायला मी आहेच.