तीस फेऱ्यांत शंभर कोटी

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला निदान पान तरी बघायला मिळतं. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हातात दगड असतो. मॉलिक्युलर बायोलॉजी शिकणारी मुलं मात्र तीन वर्षं ज्याचा अभ्यास करतात, ते त्यांना एकदाही दिसत नाही. पाण्यासारख्या द्रवात दुसरा पाण्यासारखाच द्रव मिसळायचा, तोही थेंबाच्या पन्नासाव्या भागाएवढा, आणि जर्नलमध्ये गंभीरपणे लिहायचं: ‘डीएनए घातला.’

आपल्याकडे या नावाची स्वतंत्र पदवी तशी क्वचितच. बहुतेकांना हा विषय सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्राच्या बीएस्सीत लागतो. टीवायच्या सुमारास एक प्रॅक्टिकल येतं, पीसीआर. हो, नाकात काडी घालून व्हायची त्या आरटीपीसीआरमधलंच. माझ्या मते अख्ख्या पदवीत इतकं थक्क करणारं दुसरं प्रॅक्टिकल नाही.

मुलांना दिलेलं काम ऐकायला साधं असतं. एका जिवाणूचं एक जनुक शोधा आणि त्याच्या भरपूर प्रती काढा. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी, पण ओळ सलग. मध्ये ना पूर्णविराम, ना परिच्छेद. हवं असलेलं जनुक साधारण १,५०० अक्षरांचं. नेमकं तेवढंच कसं उचलायचं? भिंग नाही, चिमटा नाही!

त्यासाठी द्रवात प्रायमर नावाचे डीएनएचे दोन इवलेसे तुकडे सोडतात. प्रत्येक जेमतेम वीस अक्षरांचा, आणि त्याला आपली जुळती वीस अक्षरं सापडली की तो तिथे चिकटतो. एक जनुकाच्या सुरुवातीला, दुसरा शेवटाला. वीस अक्षरांचा पत्ता पुरेल का, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करा. चार अक्षरांतून वीस जागा भरायचे मार्ग किती? एक लाख कोटींहून जास्त. ४६ लाख अक्षरांच्या मजकुरात अशी एखादी विशिष्ट ओळ चुकून दुसरीकडे जुळण्याची शक्यता जवळजवळ शून्य. माणसाच्या ३०० कोटी अक्षरांतही एवढा पत्ता सहसा पुरतो. आणि तो शोधतं कोण? कोणीच नाही. कोट्यवधी प्रायमर द्रवात धडपडत, आपटत फिरतात. बरोबर जागी आपटला तो टिकतो, चुकीच्या जागी आपटला तो सुटतो. उष्णतेच्या आंधळ्या धक्काबुक्कीतून अचूक उत्तर निघतं.

पुढचं काम तापमानाचं. ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ५५ च्या आसपास उतरलं की प्रायमर चिकटतात. ७२ वर पॉलिमरेझ नावाचं एन्झाइम येतं आणि समोरचा धागा वाचत मिनिटाला साधारण हजार अक्षरांच्या वेगानं जोडीचा धागा विणतं. एकाचे दोन झाले. पुन्हा ९५, पुन्हा ५५, पुन्हा ७२. दोनाचे चार.

आता एक मिनिट थांबा. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. मग ९५ अंशांतून हे पॉलिमरेझ जिवंत, म्हणजे कामाचं, कसं राहतं?

सुरुवातीला राहत नव्हतंच. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये रात्री गाडी चालवताना ही कल्पना सुचली. पुढे १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. पण तेव्हा वापरायचं पॉलिमरेझ ई. कोलायचं होतं. प्रत्येक फेरीत ते गरम होऊन निकामी व्हायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी झाकण उघडून ताजं एन्झाइम घालायचं.

यावरचा उपाय सतरा वर्षं आधीच एका गरम झऱ्यात सापडून गेला होता, आणि तो हाती लागला होता पदवीच्या एका विद्यार्थ्याच्या. इंडियाना विद्यापीठातले थॉमस ब्रॉक यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत कोणी राहतं का, हे पाहत होते. इतक्या उकळत्या पाण्यात काही जगत असेल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. १९६६ मध्ये ब्रॉक यांच्यासोबत काम करणाऱ्या हडसन फ्रीझ या विद्यार्थ्यानं तिथल्या मशरूम स्प्रिंगच्या नमुन्यातून एक पिवळसर जिवाणू वाढवून दाखवला. ७० अंशांना तो मजेत वाढायचा. १९६९ मध्ये दोघांनी त्याला नाव दिलं थर्मस ॲक्वाटिकस, आणि जाता जाता हेही नोंदवलं की असेच जिवाणू गरम पाण्याच्या नळातही सापडतात! त्याचं पॉलिमरेझ वेगळं काढलं ॲलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी, सिनसिनाटीत, १९७६ मध्ये. पीसीआर तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

उपयोग काय, असं त्या काळी ब्रॉक यांना कोणी विचारलं असतं, तर सांगण्यासारखं फार काही नव्हतं. झऱ्यात कोण राहतं, एवढंच कुतूहल. पण १९८० च्या दशकात सीटसमधल्या मंडळींनी हे एन्झाइम पीसीआरला लावलं आणि झाकण उघडायची गरजच संपली. ते ‘टॅक’ आज प्रॅक्टिकलच्या ट्यूबमध्ये असतं. एकदा घालायचं, यंत्राचं बटण दाबायचं आणि चहाला जायचं.

चहा होईस्तोवर आत काय चाललेलं असतं? दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४. वीस फेऱ्यांत दहा लाखांवर. तीस फेऱ्यांत १०७ कोटी. प्रत्यक्षात प्रायमर आणि अक्षरांचा साठा संपत आला की वाढ मंदावते, पण कागदावरचं गणित एवढं अजब आहे. तुमच्या कोविडच्या अहवालातली ‘सीटी व्हॅल्यू’ आठवते? विषाणू पकडायला किती फेऱ्या लागल्या, त्याचा तो आकडा. (विषाणूचा आरएनए असल्यामुळे आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागतो, म्हणून पुढे ते ‘आरटी’.) एकाचा सीटी २० आणि दुसऱ्याचा ३० म्हणजे फरक दीडपट नव्हे. पहिल्याच्या नमुन्यात जवळजवळ हजारपट विषाणू!

आणि १०७ कोटी प्रतींचं वजन? आपल्या १,५०० अक्षरी जनुकाचं धराल तर दोन नॅनोग्रॅमही भरत नाही. म्हणून मुलं एका रेणूपासून नाही, जिवाणूंच्या वसाहतीच्या एका कणापासून सुरुवात करतात. त्यातच लाखो पेशी असतात.

मग तो दिसण्याचा क्षण. समुद्री शेवाळापासून काढलेल्या ॲगरोजची पातळ जेली, तिच्या खाचांत नमुने, आणि दोन टोकांना वीज. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे धावतो. लहान तुकडे जेलीच्या जाळीतून चटकन सुटतात, मोठे अडखळत मागे राहतात. इथिडियम ब्रोमाइड नावाचा रंग डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसतो. अतिनील दिव्याखाली जेली धरली की मोजपट्टीच्या १,५०० च्या रेषेसमोर नारिंगी पट्टी चमकते. पहिल्यांदा बघणारी मुलं खरंच ओरडतात.

हे जनुक, १६एस, साऱ्या जिवाणूंत असतं. त्याचे काही भाग जवळजवळ सारखे, म्हणून एकच प्रायमरजोडी बहुतेकांना चालते. मधले भाग वेगवेगळे, म्हणून ते वाचून जिवाणूची ओळख पटते. लोणार सरोवराच्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यातले जिवाणू असेच ओळखले गेले.

पण खरी मजा शेवटच्या ट्यूबमध्ये असते. तिच्यात सगळं घालतात, फक्त डीएनएच्या जागी पाणी. तिथे पट्टी उमटायला नको, आणि तरी फेऱ्या जास्त केल्या तर कधीकधी उमटते. हात स्वच्छ, पाणी स्वच्छ, मग हा जिवाणू आला कुठून? बहुतेकदा एन्झाइमच्या बाटलीतून. आता टॅक मिळवायला कोणी यलोस्टोनला जात नाही. त्याचं जनुक ई. कोलायमध्ये बसवून त्याच्याकडून ते बनवून घेतात, आणि कितीही शुद्ध केलं तरी त्या ई. कोलायच्या डीएनएचे चार-दोन तुकडे सोबत येतात. जिवाणू शोधायला आणलेल्या एन्झाइमनंच जिवाणू आणलेला असतो, आणि तीस-पस्तीस फेऱ्यांत त्या चार-दोन तुकड्यांचंही पीक निघतं. म्हणून पाण्याच्या रांगेत पट्टी दिसली की बाई सगळ्या बॅचला तेच प्रॅक्टिकल पंचवीस फेऱ्यांवर पुन्हा लावायला सांगतात.