सरासरीवर मासा जगत नाही

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून निघालेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत कोल्हापूर आणि इचलकरंजीचे सांडपाणी तिच्यात येते. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. मासे मेल्यावर पाण्याचे नमुने घेतले जातात आणि सगळे अहवालाकडे डोळे लावून बसतात. पण तो अहवाल माशाच्या जगण्याबद्दल काही सांगू शकतो का, हे आधी तपासायला हवे. प्रयोगशाळेने आकडा अचूक काढला, एवढ्यावर ती माहिती दर्जेदार ठरत नाही. ज्या प्रश्नासाठी ती गोळा केली, त्याचे उत्तर तिने दिले पाहिजे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनासाठीचे पाणी ‘ड’ वर्गात येते. त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. निकष स्पष्ट आहे, पण नदीतला प्राणवायू दिवसभर एकसारखा राहत नाही. ऊन असताना शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री तो कोणी निर्माण करत नाही, श्वसनासाठी मात्र सगळेच वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात ३० अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू मावतोच मुळी सुमारे ७.५ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असले की पाणी साचून राहते आणि सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही फस्त करतात. अशा पाण्याचा नमुना दुपारी बारा वाजता घेतला, तर त्यातला आकडा खरा असेल, पण मासा ज्या पहाटे गुदमरला तिच्याबद्दल तो काहीच सांगणार नाही.

अमोनियाचे घड्याळ नेमके उलटे चालते. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी माशाला घातक असतो तो मुक्त अमोनिया. २५ अंशांवर सामू ७ असेल तर त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, सामू ९ झाला की तो एक तृतीयांशाच्या पुढे जातो. भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून सामू वाढवते, म्हणजे हा धोका दुपारी मोठा. त्यामुळे नमुन्याची वेळ, तापमान आणि जागेवरच मोजलेला सामू नोंदवला नसेल, तर एकूण अमोनियाचा आकडा माशाच्या दृष्टीने मुका राहतो.

‘नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात, मग शंका कशाला?’ असे कोणी विचारेल. ती तपासणी आवश्यकच आहे, पण नमुना प्रयोगशाळेच्या दारात पोहोचण्याआधीच बिघडू शकतो. बाटली भरताना पाणी खळखळले तर हवा मिसळून प्राणवायू वाढतो. प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीची रसायने जागेवर घातली नाहीत, तर जिवाणू वाटेतच तो कमी करतात. म्हणून चूक किती आहे याइतकेच ती कोणत्या बाजूला झुकते हेही पाहावे लागते. नदीला आहे त्यापेक्षा निरोगी दाखवणारी चूक माशांना सर्वांत महाग पडते. सरासरीचा दोषही याच जातीचा. समजा, चार नोंदी ७, ६, ६ आणि १ मिलिग्रॅम अशा आल्या. सरासरी ५ निघते आणि निकष पाळला गेल्यासारखा दिसतो. मात्र १ मिलिग्रॅमच्या त्या काही तासांत बहुतेक मासे मरू शकतात. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, आणि महिन्याला एकदा घेतलेला नमुना त्यातल्या एका क्षणापुरता बोलतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. सतत मोजणारे संवेदक महाग असतात. शिवाय त्यांच्यावर शेवाळाचा थर चढतो आणि वेळोवेळी स्वच्छता व अंशशोधन झाले नाही तर तेही चुकीचे बोलू लागतात. पण सगळीकडे, बारा महिने यंत्रे बसवण्याची गरजच नाही. मार्च ते जूनमध्ये धोक्याच्या बंधाऱ्यांमागे सूर्योदयापूर्वीचे मोजमाप झाले, तरी आजच्यापेक्षा किती तरी जास्त कळेल. जुन्या नोंदीही फेकून देऊ नयेत. वर्षागणिक प्रदूषण वाढते की घटते, हे त्या सांगू शकतात. फक्त त्यांच्या आधाराने ‘मासे सुरक्षित आहेत’ असा निष्कर्ष काढू नये. दगडांखाली राहणाऱ्या कीटकांच्या अळ्यांची गणनाही सोबत करावी. काही अळ्यांना कमी प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे आधीच्या काही आठवड्यांत पाण्यावर काय गुदरले याचा पुरावा त्यांच्या असण्या-नसण्यातून मिळतो.

म्हणून पंचगंगेच्या प्रत्येक जाहीर आकड्यासोबत जागा, वेळ, खोली, तापमान आणि मोजण्याची पद्धत छापली पाहिजे. सरासरीच्या शेजारी सर्वांत वाईट नोंदही हवी. हे तपशील नसलेल्या अहवालावरून नदीला निर्दोष ठरवण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रणेला नाही, आणि ते तपशील मागण्याचा हक्क नदीकाठच्या प्रत्येक गावाला आहे.