वाटेवरची सोबत

नवरात्र जवळ आलं की आमच्या हिमायतनगरकडच्या पोरांना हॉस्टेलात करमत नाही. माहूरला पायी जायचा बेत मेसमध्येच शिजतो. मग हमखास प्रश्न निघतो, "रस्त्यात कोणी लुटलं तर?" कोणी म्हणतं काठी घ्या, कोणी म्हणतं मिरचीपूड. मित्रांनो, काठी जरूर घ्या, कुत्र्यांसाठी उपयोगी पडते. पण वाटेवरचा गुन्हा नेमका घडतो कसा, हे समजलं तर काठीच्याही आधी करायच्या काही गोष्टी आहेत.

रेल्वे येण्यापूर्वी आपल्याकडे माणसं शेकडो मैल पायी जात. त्या वाटांवर ठग असत. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथेही त्यांचा वावर होता. निजामाच्या नोकरीतला अधिकारी मेडोज टेलर याने ठगांवर लिहिलेली कादंबरी 1839 साली गाजली. ठग झाडामागून उडी मारत नसत. ते सभ्य वाटसरू बनून भेटत, गप्पा मारत, "रस्ता वाईट आहे, सोबतच जाऊ" म्हणत. लुटारूंच्या भीतीनेच माणूस त्यांच्यात सामील होई! दोन-चार दिवसांत विश्वास बसला की ठरल्या जागी फडक्याने गळा आवळत आणि प्रेत पुरून टाकत. इंग्रजांनी त्यांच्या देवीपूजेची वर्णनं आणि बळींचे आकडे फुगवून सांगितले, असं आजचे बरेच इतिहासकार म्हणतात. पण वाटेवरचे हे खून खरे होते.

हे इतकी वर्षं चाललं कसं? दोन कारणं. एक म्हणजे, गेलेला माणूस कधी पोहोचणार हे कोणालाच नक्की माहीत नसे. घरचे समजत तो नोकरीवर आहे, नोकरीवरचे समजत तो घरी आहे. शोध सुरू होईपर्यंत महिने जात. दुसरं म्हणजे, खून एका राज्यात आणि ठगाचं घर दुसऱ्याच राज्यात. तक्रार कोणी घ्यायची? 1836 च्या कायद्याने गुन्हा कुठेही घडला असला तरी ठगावर कंपनीच्या कोणत्याही जिल्ह्यात खटला चालवायची सोय झाली. त्याआधी 1810 सालीच कंपनीच्या शिपायांना ताकीद होती, की रजेवर जाताना रोकड नेऊ नका, हुंडीने पाठवा आणि रात्रीचे चालू नका.

आता याच्या उलट पंढरीची वारी पाहा. लाखो माणसं, सगळी उघड्यावर. तरी आळंदीहून निघालेली माउलींची पालखी मुक्कामी पोहोचली की समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतात, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग तिचं म्हणणं ऐकलं जातं. हरवलं-सापडलं तिथेच पुकारतात. म्हणजे रोज संध्याकाळी विचारपूस होणारच! ठगाला नेमकं हेच नको असे.

अमेरिकेत अॅपलेशियन ट्रेल नावाची साधारण 3500 किलोमीटरची पायवाट आहे. लाखो लोक तिथे चालतात, खून क्वचितच होतात. पण मे 2019 मध्ये व्हर्जिनियात एका माणसाने सुऱ्याने एकाचा जीव घेतला, एका महिलेला जबर जखमी केलं. हाच माणूस आधीच्या महिन्यात वाटेवरच्या लोकांना धमकावताना पकडला गेला होता आणि सुटून परत वाटेवर आला होता. तेव्हा त्रास देणारा माणूस भेटला तर मागून येणाऱ्यांना सांगा, पोलिसांनाही कळवा. "जाऊ दे, आपण सुटलो" म्हणू नका.

तर निघताना एवढं करा:

1) कोण कोण, कोणत्या रस्त्याने आणि कधी पोहोचणार, हे कागदावर लिहून रूममेट व रेक्टर सरांकडे ठेवा. ठरल्या वेळेला फोन आला नाही तर त्यांनी काय करायचं, तेही लिहा. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नाही.

2) सकाळ-संध्याकाळ माणसं मोजा. कोणी एकट्याने मागे राहायचं नाही.

3) नव्या ओळखीच्या माणसाला मुक्काम आणि पैसा सांगू नका. मन साशंक झालं तर सरळ "तुम्ही व्हा पुढं" म्हणा आणि चार माणसं असतील तिथे थांबा. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

4) रात्री चालू नका. भरधाव गाड्यांचा धोकाही तेव्हाच जास्त.

5) काही घडलंच तर 112 लावा. आपल्याकडे पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि तेलंगणाही जवळच. "आमच्या हद्दीत नाही" असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्याची स्पष्ट तरतूद आहे.

हे वाचून कोणी जायचं रद्द करू नये. वाटेत पाणी पाजणारी, ओसरीवर झोपू देणारी माणसंच जास्त भेटतात. फक्त आपण कुठे आहोत हे मागे कोणाला तरी ठाऊक असू द्या. यंदाच्या नवरात्रात तो कागद लिहूनच गेटाबाहेर पडा.